घास मऊ, पण ताट पूर्ण

(भगिनी मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मार्काच्या पाचव्या अध्यायात याईराच्या मुलीला प्रभू उठवतो आणि लगेच तिला काही खायला द्यायला सांगतो. एवढा मोठा चमत्कार झाला, तरी तिच्या पोटाची आठवण प्रभूला होती. ज्यांना चावता किंवा नीट गिळता येत नाही, अशा आपल्या वृद्धांच्या पोटाबद्दल आज बोलायचे आहे.

सुरगाणा, पेठकडच्या पाड्यांवर फिरताना पुष्कळ घरांत हेच दिसते. आजीचे दात गेले, की सकाळी पेज, दुपारी पेज, रात्रीही पेज. घरचे प्रेमानेच देतात. पण त्या वाटीत पाणीच जास्त असते. दंड सुकतात, उठवत नाही, आणि लोक म्हणतात, “वय झालं आता.” कित्येकदा ते वय नसते, उपासमार असते.

माझ्या सासूबाईंना पक्षाघातानंतर गिळायला त्रास होऊ लागला. तीन वर्षे त्या वाटलेल्या अन्नावर आहेत. त्यांची सेवा करताना जे कळले ते सांगते.

सगळे जेवण एकत्र वाटू नका. वरण, भात, भाजी एकदम फिरवली की रंग एक, चव एक. चार दिवसांत माणूस तोंड फिरवतो. प्रत्येक पदार्थ वेगळा वाटा आणि ताटात वेगळा वाढा: पिवळे वरण, केशरी भोपळा, हिरवा शेवग्याचा पाला. जिरे, लसूण, हिंगाची फोडणी द्या, पण तेल गाळून घाला, म्हणजे दाणे घशात जात नाहीत. घास भरवण्याआधी पदार्थाचे नाव सांगा. सासूबाई अजूनही विचारतात, “आज काय केलंस गं?” हा प्रश्न विचारण्याचा त्यांचा मान राहिला पाहिजे.

अन्न सैल करायला नुसते पाणी घालू नका. दूध किंवा डाळीचे कट घाला. चमचाभर तूप किंवा तेलात सुमारे ४५ कॅलरी असतात. वृद्धांना चारच घास जातात. म्हणून प्रत्येक घासात ताकद हवी.

यासाठी बाजारातल्या महागड्या डब्याची गरज नाही. आपल्या नागलीत १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असते. तिचे पीठ दुधात शिजवा. मूग, तूर, कुळीथ आलटून पालटून करा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात; उकडलेले अंडे वरणात वाटले की कळतही नाही. मासळीत काटा राहण्याची भीती असते, म्हणून अंडे बरे. शेंगदाण्याचे कोरडे कूट घशात अडकते. ते भाजीतच शिजवून बारीक वाटा. भात वाटल्यावर चिकट होतो, त्यात वरण किंवा दूध भरपूर घाला. वीज नसेल तर पाट्यावर वाटा आणि बारीक चाळणीतून दाबून काढा. सालपटे, शिरा वर राहतात.

आता सावधगिरी. चमचा तिरका केला की अन्न गोळ्यासारखे सुटावे. ठिबकू नये, चिकटूनही राहू नये. पक्षाघात झालेल्यांना पुष्कळदा पाणी, चहा यांसारख्या पातळ गोष्टींनीच ठसका लागतो. अन्न किती घट्ट हवे, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. आडवे ठेवून कधीही भरवू नका. ताठ बसवा, लहान चमचा वापरा, पहिला घास गिळल्यावरच दुसरा द्या, आणि जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहू द्या. जेवताना ठसका लागतो, आवाज ओलसर, घरघरता होतो, वरचेवर ताप येतो, अशी लक्षणे दिसली तर अन्न फुफ्फुसात जात असेल. वाट न पाहता दवाखान्यात न्या.

भगिनींनो, पाड्यावर भेटीला जाल तेव्हा प्रार्थनेबरोबर चुलीचीही विचारपूस करा. आजीच्या वाटीत काय आहे ते पाहा. सोबत एक बारीक चाळणी, थोडे मूग, चार अंडी न्या. एकदा तिथेच बसून करून दाखवा, म्हणजे सुनेला तुम्ही गेल्यावरही जमेल.

प्रभू तुमच्या हातांना आशीर्वाद देवो. आमेन.