घाटाची पायरी आणि नगराध्यक्षाची खुर्ची



काशीच्या मुन्शी घाटाला नाव मिळाले ते नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांच्यावरून. गंगातीरी त्यांनी भक्कम घाट बांधला. पुढे त्याचा काही भाग दरभंग्याच्या महाराजांकडे गेला व दरभंगा घाट म्हणून ओळखला जाऊ लागला. दगडाला चिकटलेले नावही असे विभागले जाते. यात्रेकरूच्या पायाखालची पायरी मात्र टिकते.

पूर्वी मंत्र्या-सरदारांनी पुण्यकर्म म्हणून केलेली अशी लोकोपयोगी कामे लोकशाहीत नगरपालिकेची कर्तव्ये झाली. या कर्तव्याला आयुष्य वाहिलेले नाव म्हणजे कराडचे पी. डी. पाटील. कृष्णा आणि कोयना जेथे समोरासमोर येऊन भेटतात, त्या नगरीचे नगराध्यक्षपद त्यांनी ४२ वर्षे सांभाळले. कराडचे सुपुत्र यशवंतराव चव्हाण १९६० साली महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले आणि १९६२ साली संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले. त्यांच्या या विश्वासू सहकाऱ्याने कराड सोडले नाही. विधानसभेची आमदारकी आणि सह्याद्री सहकारी साखर कारखान्याची धुरा त्यांच्याकडे आली, तरी लोकांच्या मनात ते प्रथम नगराध्यक्षच राहिले.

एकाच व्यक्तीने इतका काळ पदावर राहणे लोकशाहीस पोषक आहे काय, हा प्रश्न आदर राखूनही विचारला पाहिजे. दीर्घ अनुभवाने कामात सातत्य येते. पाणी, गटारे, रस्ते यांच्या योजना एका कार्यकाळात पुऱ्या होत नसतात. परंतु मोठ्या वृक्षाच्या सावलीत नवी रोपे खुरटतात, हेही तितकेच खरे. घाट बांधणाऱ्या मंत्र्याला लोकांचा कौल घ्यावा लागत नव्हता. नगराध्यक्षाला तो टाळता येत नाही. म्हणून दीर्घ कारकिर्दीचे श्रेय जसे नेत्याचे, तशी तिच्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी नागरिकांची.

१९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक आधार दिला आणि किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या. ज्या खुर्चीकडे पूर्वी मुलींनी पाहिलेही नसते, ती आज त्यांच्याही आवाक्यात आहे. या शाळेतील मुलामुलींनी अठराव्या वर्षी मत द्यावे, नगरपालिकेचा अर्थसंकल्प वाचावा, नळाला पाणी का आले नाही हे निर्भयपणे विचारावे आणि पुढे कधी ती खुर्ची लाभलीच, तर हाच प्रश्न विचारणाऱ्याला आदराने उत्तर द्यावे.