सेंद्रिय डाळ, लाखोळी आणि आपला वरण-भात
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



मंडळाने मला 'सेंद्रिय डाळी आणि प्रथिने' हा विषय दिला आहे. 'सेंद्रिय' असा छाप असलेली तूरडाळ साध्या डाळीपेक्षा महाग मिळते. ती आणली म्हणजे मुलांना अधिक चांगली प्रथिने मिळतात का, असा आपल्या भगिनींचा प्रश्न असतो. उत्तरासाठी फार लांब जायला नको. भिलाईच्या बाहेर पडले की शेतातच ते दिसते.

इकडे धान कापण्यापूर्वी, उभ्या पिकातच, ओल्या जमिनीवर तिवऱ्याचे बी फेकतात. या पद्धतीला 'उतेरा' म्हणतात. वेगळी नांगरणी नाही, खताचा खर्चही सहसा नाही. उरलेल्या ओलाव्यावर पीक येते. विदर्भातून आलेली मंडळी याच तिवऱ्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात. 'सेंद्रिय' हा शब्द पिशवीवर छापला जाण्याच्या कितीतरी आधीपासून ही डाळ जवळजवळ रसायनांविना पिकत आली. शिवाय १०० ग्रॅम डाळीत सुमारे २८ ग्रॅम प्रथिने. तुरीत ती २२ च्या आसपास.

आणि तरीही याच डाळीने असंख्य गरिबांचे पाय कायमचे लुळे केले. आयुर्वेदात या रोगाला 'कलायखंज' असे नाव आहे. गहू बुडाल्यावर नुसत्या लाखेवर जगलेल्या मध्य भारतातील गावांची दैना स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ च्या आपल्या पुस्तकात नोंदवली आहे. रीवा भागात तर वेठीच्या शेतमजुरांना मजुरीच या डाळीत मिळे. १९६१ मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदीचा नियम केला. १९६४ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातील 'ओडॅप' हे विषारी द्रव्य वेगळे काढले. हे विष कोणत्याही फवारणीतून आलेले नाही. झाड ते स्वतःच तयार करते. म्हणून रसायनमुक्त म्हणजे निर्दोष, हे समीकरण मला मान्य नाही.

आता प्रथिनांची प्रत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांचा हार. बाप्पाचा हार ओवताना एका रंगाची फुले संपली, तर बाकीची टोपलीभर असूनही हार तिथेच थांबतो. डाळीत लायसिन भरपूर, पण गंधकयुक्त मेथिओनिन कमी. तांदळात नेमके उलटे. दोन्ही एकत्र आले की हार पुरा होतो. आपल्या आज्यांनी हे शास्त्र न शिकताच वरण-भात वाढला.

सेंद्रिय शेतीने ही प्रत बदलते का? फारशी नाही. डाळवर्गीय झाडे मुळांच्या गाठींतील जिवाणूंकडून हवेतला नत्र मिळवतात. युरियावाचून त्यांचे फार अडत नाही. जमिनीत गंधक कमी असेल तर मात्र मेथिओनिन कमी होऊ शकते. त्याहून मोठा फरक वाणाचा आणि स्वयंपाकाचा. भिजवून, मोड आणून, नीट शिजवून घेतल्यास पचनाला अडथळा करणारी द्रव्ये कमी होतात. कीटकनाशकांचे अंश कमी असणे आणि मातीचे आरोग्य, हे सेंद्रियाचे खरे फायदे. त्यासाठी ती डाळ जरूर घ्यावी.

लाखोळीची गोष्ट इथे संपत नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने 'प्रतीक' आणि 'महातिवडा' हे वाण दिले. त्यांत ओडॅप ०.१ टक्क्याहूनही कमी आहे. महाराष्ट्राने २००८ मध्ये आपल्या राज्यापुरती बंदी उठवली. गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकले तर विष बरेच उतरते. इथिओपियातही ही डाळ खातात. धान्यात मिसळून खाणाऱ्यांना या रोगाचा धोका कमी असतो, असे तिथल्या अभ्यासात दिसले. म्हणजे जे मिश्रण प्रथिनांची प्रत वाढवते, तेच पायांचेही रक्षण करते. तरीही महिनोन्महिने तीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाऊ नये, आणि सुटे बेसन ओळखीच्या ठिकाणाहूनच घ्यावे, कारण त्यात तिवऱ्याची भेसळ होत आली आहे.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. धान्य आणि डाळ यांचे प्रमाण तीनास एक असावे. आपल्या ताटात मात्र भाताचा डोंगर आणि वरणाचे तळे असते, तेही पातळ!

म्हणून माझी एकच विनंती. ज्यांना परवडते त्यांनी सेंद्रिय डाळ अवश्य आणावी. पण महाग डाळ आणली म्हणून वरणात पाणी वाढवू नये. साधी डाळ, पण पुरेशी आणि रोज, हे मुलांच्या हाडामांसाला अधिक मोलाचे. विसर्जनाच्या दिवशी आपण वाटली डाळ मूठभर घेतो. वर्षभर तेवढी तरी प्रत्येकाच्या ताटात पडो, हीच बाप्पाच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!