कोंबडीचा हिशोब आणि आपलं ताट

(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं भाषण)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा मागच्या रांगेत जरा हसू झालं. गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ता, व्याज यावर बोलायचं, कोंबडीवर काय बोलायचं? पण महिन्याचा खर्च लिहायला बसलो की रविवारचं मटण-चिकन हा आकडा छोटा नसतो. आणि तो सहसा वहीत येतही नाही, कारण पैसे घरधनी देतात आणि पिशवी तेच आणतात. ज्या ताया माळकरी आहेत, त्यांनी कोंबडीच्या जागी पनीर किंवा बाहेरचा नाष्टा धरावा. हिशोबाची रीत तीच आहे.

आधी आकडे बघू. हे आकडे समजुतीसाठी धरलेत, तुम्ही तुमच्या गावचा भाव घाला. घरात पाच माणसं आहेत. ढाब्यावरून १८० रुपयांची पाच ताटं पार्सल आणली तर ९०० रुपये झाले आणि जेवण एकच वेळचं. आता घरी करू. दोन किलोची जिवंत बॉयलर कोंबडी, १५० चा भाव, म्हणजे ३०० रुपये. तेल, कांदा, खोबरं, मसाला, भाकरी, भात, गॅस मिळून १५० धरा. एकूण ४५०. म्हणजे एका वेळेला ४५० वाचले. महिन्यातून दोनदा म्हणजे ९००. श्रावण आणि बाकीचे वार-उपवास सोडून वर्षाचे दहा महिने धरले, तरी ९,००० रुपये होतात. आपल्यातल्या कितीतरी जणी गटात महिन्याला १०० किंवा २०० रुपये बचत करतात. त्याच्याशी ताडून बघा.

आता दुकानात काय बघायचं ते सांगते. दोन किलोची कोंबडी सोलून, साफ करून साधारण १ किलो ३०० ग्रॅम भरते. म्हणून जिवंत भावाची दीडपट केली की साफ मालाचा भाव साधारण जुळतो. जिवंत १५० असेल तर साफ माल २२५ च्या आसपास हवा. दुकानदार त्याहून बराच जास्त सांगत असेल, तर अख्खी कोंबडी जिवंत वजनावर घ्या. वजन डोळ्यांसमोर करून घ्या आणि आपलीच कोंबडी कापली जाते ना, ते बघत उभं राहा. नुसते लेगपीस किंवा बोनलेस घेतलं तर किलोमागे आणखी जास्त द्यावे लागतात आणि रश्श्याला हाडच राहत नाही.

दुसरी गोष्ट. मान, पाय, कलेजी, पेटा मागून घ्या. वजन जिवंत कोंबडीचं झालंय, म्हणजे त्याचे पैसे तुम्ही दिलेत. आपण मागत नाही म्हणून ते तिथंच राहतं.

घरी आणल्यावर सगळं एकाच पातेल्यात टाकायचं नाही, आधी वाटे करायचे. मान, पाठ, पंख, पाय एका बाजूला. त्यात हळद, मीठ, आलं-लसूण घालून भरपूर पाण्यात मंद आचेवर पाऊण तास शिजवा. हे आपलं अळणी. आपल्याकडं तांबडा-पांढरा रस्सा होतो तो याच पाण्यावर. पोरांना आणि म्हाताऱ्या माणसांना वाटी-वाटी द्या, उरलेल्या पाण्याचा रस्सा करा. नुसत्या पाण्यापेक्षा चव कितीतरी जास्त येते आणि तेल, खोबरं कमी लागतं. तंगड्यांचं सुकं करा. छातीचं मांस वेगळं शिजवून हाडावरून सोडवा. कांदा, कोबी, मटार घालून भातात परतलं की दुसऱ्या वेळचं जेवण झालं. थोडं मांस घरादाराला पुरतं.

पण दुसऱ्या वेळेचं हे फ्रीज असलेल्या घरासाठी. शिजवलेलं मांस दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नका, उन्हाळ्यात तर त्याहून लवकर झाकून फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी चांगली उकळी काढूनच वाढा. फ्रीज नसेल तर शेजारणीबरोबर कोंबडी निम्मी-निम्मी घ्या आणि एका वेळेत संपवा. कच्चं मांस कापलेली विळी आणि पाट साबणानं धुतल्याशिवाय त्यावर काकडी-कांदा चिरू नका. मांस धुताना वाहत्या नळाखाली शिंतोडे उडवू नका.

ज्यांच्या परड्यात गावरान कोंबड्या आहेत, त्यांना एकच सांगते. गावरानला बॉयलरपेक्षा खूप जास्त भाव मिळतो. पाहुणे आले की पहिली ती कापायची, ही सवय एकदा हिशोबात घालून बघा. काही वेळा गावरान विकून घरात बॉयलर आणणं परवडतं.

आता खरा मुद्दा. मागच्या महिन्यात एका गटात हेच सांगत होते, तेव्हा एक काकू म्हणाल्या, "मॅडम, पार्सल येतं त्या रविवारी माझी चूल बंद असते. तेवढाच विसावा. तो पण काढून घेता का?"

काकूंचं म्हणणं खरं आहे. ४५० रुपये वाचले म्हणताना वाटण वाटणं, भाकऱ्या थापणं, भांडी घासणं यातला एक रुपयाही आपण धरला नाही. बाईचं काम फुकट धरलं की कुठलीही गोष्ट स्वस्तच दिसते. म्हणून घरी करायचं ठरलं तर दोन गोष्टी आधी ठरवा. एक, काम वाटून घ्या. खोबरं भाजणं, कांदा चिरणं, भांडी घासणं हे घरधनी आणि पोरं करू शकतात. दोन, वाचलेल्या पैशातले निम्मे तरी तुमच्या नावानं गटात जमा होऊ द्या. नाहीतर घाम तुमचा आणि शिल्लक दुसऱ्याच्या खिशात.

आणि तिसरी गोष्ट ताटाची. कोंबडी शिजते तेव्हा तंगडी कुणाच्या ताटात जाते? आधी पुरुष, मग पोरं, मग पाहुणे. आपण शेवटी बसतो, पातेलं पुसून रस्सा-भाकरी खातो आणि म्हणतो, मला रस्साच आवडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ सांगतं की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे इथं बसलेल्या दोघींत एक. मांसातलं लोह अंगाला चांगलं लागतं आणि सोबतच्या पालेभाजीतलं लोहही त्यामुळे जास्त लागतं. कलेजीत तर छातीच्या मांसापेक्षा कितीतरी पट जास्त लोह असतं. एका कोंबडीची कलेजी असते मूठभर. ती वयात आलेल्या लेकीला आणि तुम्हाला, आलटून-पालटून. वर लिंबू पिळा, जेवणावर लगेच चहा घेऊ नका, लोह कमी लागतं. गरोदर असाल तर कलेजी मात्र आशाताईंना किंवा सिस्टरना विचारूनच खा. आणि महिन्यातून दोनदा कोंबडी खाल्ली म्हणून लोहाच्या गोळ्या बंद करू नका.

म्हणून म्हणते, वाटे शिजवायच्या आधी करा. पातेल्यात सगळं एकत्र गेलं की वाढताना आपला वाटा हरवतो. आधीच वेगळा काढला तर तो राहतो. सासूबाईंना अवघड वाटेल, त्यांनी आयुष्यभर शेवटीच खाल्लंय. त्यांचाही वाटा काढा. आपल्या हक्काची गोष्ट त्यांच्या ताटापासून सुरू केली तर घरात भांडण कमी होतं.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखून आणायचे. कोंबडीवर किती गेले, किती वाचले, आणि आपल्या ताटात काय आलं. तिसरा रकाना कोरा ठेवू नका. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लेकीकडून लिहून घ्यावं. तिलाही कळेल की हा हिशोब घरात विचारायचा असतो.