पेर नको, पेरू लावा
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



मी मुरबाडकडचा. आमचे पीक भात आणि नागली, तुमचे कापूस आणि ज्वारी. हा भातवाला आपल्याला काय शिकवणार, असे मनात आले असेल. मी कापसावर बोलणार नाही. घरामागच्या दोन झाडांवर बोलणार आहे.

शेतकीची पदवी घेऊन मी गावी आलो, त्या वर्षी शहापूरच्या बाजारात एका कलमवाल्याने मला पेराची, म्हणजे नाशपातीची, दोन रोपे दिली. सोबत पिवळ्याधमक फळांचे चित्र. आईने सात उन्हाळे पाणी घातले. एक फूल आले नाही. पदवी माझ्याकडे होती, घागर तिच्या डोक्यावर.

दोष पाण्याचा नव्हता. नाशपाती हे थंड मुलखातले झाड. हिवाळ्यात पाने गाळून ते झोपते आणि ७ अंशांखालची थंडी शेकडो तास मिळाली तरच नीट फुलते. म्हणून ती काश्मीर, हिमाचल, निलगिरीच्या डोंगरांत होते. पंजाबच्या मैदानातली पत्थरनाख कमी थंडीवर भागवते, पण तेवढीही थंडी ना शहापुरात, ना तुमच्याकडे. हे मला शिकवले होते. चित्र पाहून विसरलो.

गंमत अशी की, पोर्तुगीज भाषेत नाशपातीला जो शब्द आहे, त्यावरूनच आपला पेरू आला. गोव्यात तर पेरूलाच पेर म्हणतात. आपल्या परसातला पेर तो हाच.

जात घ्या सरदार, म्हणजे लखनौ-४९. लखनौहून आणलेल्या बियांच्या रोपांतून १९२७ साली पुण्याच्या गणेशखिंड बागेत ती निवडली गेली. बियांचे रोप घेऊ नका, त्याची खात्री नाही. दाब कलम किंवा गुटी कलम घ्या.

आता खरा मुद्दा पाण्याचा. शहापूर-मुरबाडला शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तानसा आणि भातशाचे पाणी मुंबईला जाते, आणि एप्रिलमध्ये पाड्यांवर टँकर येतो. तुमची तऱ्हा तीच, पाऊस तेवढा कमी. मग उन्हाळ्यात पाणी मागणारे झाड म्हणजे घरातल्या बाईच्या डोक्यावर आणखी एक घागर. पेरूचे तसे नाही. झाड तीन वर्षांचे झाले की फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंत त्याचे पाणी तोडायचेच असते. पाने गळतील, घाबरू नका. मेअखेर शेंडे हलके छाटा, बुंध्याशी शेणखत घाला. पहिल्या पावसात नवी फूट आणि तिच्यावरच कळी. हा मृग बहार. फळ नोव्हेंबर ते जानेवारीत, गोड आणि टिकाऊ. पाणी चालू ठेवलेत तर आंबे बहार धरतो, त्याचे फळ ऐन पावसात पिकते, पाणचट लागते आणि फळमाशीने आत अळ्या होतात. गळलेली फळे रोज वेचून खोल पुरा, नाहीतर माशी हटत नाही.

पहिली दोन वर्षे मात्र हयगय नको. बुंध्यापासून हातभर अंतरावर मडके पुरा, बुडाला भोक पाडून चिंधीची वात घाला, आठवड्यातून दोनदा भरा. न्हाणीचे पाणी चालेल, साबणाचे फार नको. या काळात आलेली फुले खुडून टाका. जीव तुटतो, पण खुडा.

खड्डा दोन फूट लांब, रुंद, खोल. मेमध्येच काढून उन्हात तापू द्या. दोन झाडांत वीस फूट अंतर. तुमच्या काळ्या रानात पाणी साचते, तेव्हा खड्डा भरून वर वीतभर उंचवटा करा. कुंपणाला पऱ्हाट्या उत्तम, पण खड्ड्यात पऱ्हाटी टाकू नका, वाळवी येते. बकरी आत शिरली तर माझे सगळे भाषण फुकट.

पाऊस बसला की लावा.