यंदा गावात नाव कुणाचं द्यायचं?



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या गटांशी आज ३१ मेबद्दल बोलायचं आहे. त्या दिवशी गावोगावी अहिल्यादेवी होळकरांची जयंती होते. १७२५ साली त्यांचा चौंडीला जन्म झाला, ती ही तारीख. २०२३ साली महिला व बालविकास विभागानं या जयंतीला एक पुरस्कार जोडला. प्रत्येक ग्रामपंचायतीनं महिला आणि मुलांसाठी चांगलं काम करणाऱ्या गावातल्या दोन महिलांचा सन्मान करायचा. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह, प्रमाणपत्र आणि रोख ५०० रुपये असं त्याचं स्वरूप.

कुणी म्हणेल, ५०० रुपयांत आजकाल होतंय काय? दोन दिवस खुरपायला गेलं तरी जास्त मिळतात. खरं आहे. पण गावाच्या दप्तरात बाईचं नाव येतं ते बहुतेक वेळा कुणाची तरी बायको, नाहीतर कुणाची तरी आई म्हणून. इथं ते तिच्या कामासाठी येतं. मला याचं मोल ५०० रुपयांपेक्षा बरंच जास्त वाटतं.

अडचण नाव ठरवण्यात आहे. पुष्कळ ठिकाणी अगदी आदल्या दिवशी फोनाफोनी सुरू होते. "ताई, लवकर दोन नावं सांगा, प्रमाणपत्र छापायचंय." घाईत जे नाव तोंडात येतं ते जातं. कुणाच्या घरात पद असतं, कुणाचा मागच्या वर्षीचा रुसवा काढायचा असतो. त्या बायकांना मी नावं ठेवत नाही, त्यांनी काही मागितलेलं नसतं. पण जिनं वर्षभर खस्ता खाल्ल्या ती त्या वेळी मागं चहाच्या पातेल्यापाशी उभी असते आणि पुढं शाल घातलेली बघून टाळ्या वाजवते.

घोडनदीकाठच्या एका वस्तीवर गटाच्या बैठकीत मी विचारलं, आपल्यात समाजसेवा कोण करतं? बायांनी पटापट नावं घेतली. सगळी पदावरची, नाहीतर बॅनरवर फोटो असलेली. मग मी प्रश्न बदलला. म्हटलं, रात्री पोटात कळ आली, नवरा बाहेरगावी आहे, तर दार कुणाचं वाजवता? जरा वेळ शांत झाल्या आणि मग सगळ्यांच्या तोंडून एकच नाव आलं. ती बाई दुसऱ्याच्या रानात मजुरीनं जाते. कुठल्याच समितीवर नाही, आपल्या गटातही नाही, कारण हप्ता जमत नाही. पण बिबट्याच्या भीतीनं लोक अंधार पडल्यावर कडी काढत नाहीत, अशा दिवसांतही ती बॅटरी आणि काठी घेऊन अडलेल्या बाईबरोबर दवाखान्यात गेलेली आहे. ऊसतोडीची कुटुंबं आली की कोप्यांवरची पोरं बोटाला धरून अंगणवाडीत आणून बसवते. मी विचारलं, मग मघाशी हिचं नाव का नाही घेतलं? एक आजी म्हणाल्या, "ती होय? ती तर आपली नेहमीचीच."

नेहमीची म्हणूनच ती कुणाच्या डोळ्यात भरत नाही. विहिरीला पाणी आहे तोवर विहिरीचं कुणी बोलत नाही, तसंच ते.

आशाताईंचं नाव निघालं की बैठकीत हमखास कुणीतरी म्हणतं, तिला तर मोबदला मिळतो, तिचा कशाला सत्कार? मला हे पटत नाही. मोबदला ठरलेल्या कामाचा मिळतो. बाळंतिणीला धीर द्यायला, सासूची समजूत काढायला, रात्री दोनला १०८ ला फोन लावून रस्त्यावर उभं राहायला कुठल्या तक्त्यात रकाना आहे? मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांहून जास्त आशाताईंना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार जाहीर केला. सगळ्या देशाला अभिमान वाटला. तरी त्यानंतर मोबदल्यासाठी याच आशाताईंना आपल्या राज्यात संप करावा लागला. म्हणून सत्कार जरूर करा, पण तिची मानधनाची मागणी आली की "तुमचा सत्कार केला होता की" असं म्हणू नका.

जवळचंच एक उदाहरण देते. दौंडकडच्या बायकांना केडगाव काय सांगायचं! पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथं आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांना केडगावच्या माळावर आसरा दिला, शिकवलं. छापखाना, विणकाम, शेती अशी कामं मुलींच्या हातात दिली. रमाबाई स्वतः विधवा होत्या, पदरात मुलगी होती. त्यांनी धर्म बदलला म्हणून त्या काळी पुण्यात त्यांच्यावर फार टीका झाली, आजही त्या विषयावर वाद होतात. तो वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. जिला कुणी दारात उभं करत नव्हतं, तिला तिथं ताट मिळालं आणि हाताला कामही मिळालं. कैसर-ए-हिंद पदक त्यांना १९१९ साली मिळालं. तेव्हा त्या साठी ओलांडलेल्या होत्या, पुढं तीन वर्षांत गेल्या. टपाल तिकीट निघालं ते १९८९ साली. आपल्या वस्तीवरच्या बाईचं तिकीट कुणी काढणार नाही. तिला जे द्यायचं ते ती चालती-फिरती असतानाच द्यावं लागेल.

रमाबाईंवरून आणखी एक बोलते, थोडं कडू आहे. गावात निःस्वार्थ काम करणाऱ्या बायकांत एकट्या बायका, विधवा, नवऱ्यानं सोडलेल्या पुष्कळ असतात. आणि आपले सत्कार कसे होतात? हळदीकुंकू, ओटी, वाण. ती बाई मग स्वतःच मागं सरते, "माझं नको बाई" म्हणते आणि आपण त्याला तिचा साधेपणा म्हणतो. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि मग शासनानं बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आपल्या गावात तो ठराव झाला असेल नसेल, पण ३१ मेच्या कार्यक्रमात सगळ्यांना एकसारखं फूल आणि पुस्तक द्यायला ठराव कशाला लागतो?

मग नाव द्यायचं कसं? आपल्या शेजारी उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली बायफ संस्था सुरू केली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावरान बियाणं जपत होत्या, त्यांच्या कामाला पुढं याच बायफची साथ मिळाली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाई शाळेत गेलेल्या नाहीत. काम त्यांचंच, पण ते नीट मांडणारं कुणीतरी सोबत होतं. आपल्या गटात सचिव आहे, वही आहे, पेन आहे. तेवढ्यावर सुरुवात होते.

एका कागदावर लिहा. बाईचं नाव, वस्ती, किती वर्षांपासून काय करते. "समाजकार्याची आवड आहे" असलं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. किती जणींना दवाखान्यात नेलं, शाळा सुटलेल्या किती मुली परत वर्गात बसवल्या, कुणाची कागदपत्रं काढून दिली, ते आठवून लिहा. दोन-तीन जणींनी एकत्र बसलं की बरोबर आठवतं. मात्र जिचा बालविवाह थांबवला त्या मुलीचं नाव, जिला घरात मार होता त्या सुनेचं नाव, हे कागदावर अजिबात येऊ देऊ नका. आणि लिहायच्या आधी त्या बाईला विचारा. काही वेळा अशा कामामुळं गावात वैर असतं आणि चारचौघांत नाव पुकारलेलं तिला नको असतं. नको म्हणाली तर आग्रह धरू नका.

सन्मानाबरोबर तिचं ओझं कसं हलकं होईल, हेही बघा. आपली ती बॅटरीवाली बाई स्वतःच्या पैशानं रिक्षा करते, स्वतःचा रोज बुडवते. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून अडीअडचणीच्या वेळी गाडीची सोय करता येईल का, हे महिलांनीच विचारायचं. आणि तिला गटात यायचंय पण हप्ता जमत नाही, तर कमी बचतीचा नवा गट तिच्या वस्तीवर उभा करता येतो. ते काम माझ्याकडं लागलं.

हे बोलायची जागा म्हणजे महिला सभा. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी, असं कायदा सांगतो. बहुतेक गावांत १ मेला ग्रामसभा असते, म्हणजे ३१ मेच्या आधी हातात पुरता महिना राहतो. महिला सभेत नावं सुचवा, इतिवृत्तात लिहून घ्या आणि ते वाचून दाखवायला सांगा. गटाचं पत्र दोन प्रतींत करा. एक ग्रामपंचायतीत द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन ती पोच गटाच्या वहीत चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी सचिव बदलली तरी ती वहीत सापडेल.