खेळाचा प्राण कशांत?

संगणकावरील नेमबाजीच्या खेळांविषयीं सुशिक्षित घरांतून सहसा दोनच मतें ऐकूं येतात. एक असें कीं, हा निव्वळ गोळीबार आहे, त्यांत विचार करण्यासारखें कांहीं नाहीं. दुसरें असें कीं, मुलगा घरींच बसतो, वाईट संगतीस लागत नाहीं, मग त्याच्या वाटेस कां जावें? हीं दोन्हीं मतें बहुधा खेळ न पाहतांच बनविलेलीं असतात. जो रोज खेळतो त्याचें मत मात्र कोणी विचारीत नाहीं.

अमरावतीच्या राजापेठेंत किंवा अकोल्याच्या जठारपेठेंत राहणारा, दिवसा नोकरी अथवा अभ्यास सांभाळून रात्रीं दोन तास संगणकापुढें बसणारा एखादा तरुण डोळ्यांसमोर आणावा. त्याचें यंत्र एकाच दिवशीं दुकानांतून आलेलें नसतें. एका दिवाळीला पडदा, पुढच्या वर्षीं थोडी रॅम, मग मित्रानें वापरून काढलेलें ग्राफिक्स कार्ड, असें तें जमवीत जमवीत उभें राहिलेलें असतें. ज्यानें रुपया रुपया मोजून यंत्र जमविलें त्याची पारख सहसा कच्ची नसते. अशा खेळाडूंचीं मतें थोडक्यांत मांडणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

त्याचें पहिलें मत खेळाच्या घडणीविषयीं आहे. १९९३ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील इड सॉफ्टवेअर या लहानशा मंडळीनें 'डूम' नांवाचा खेळ बाहेर काढला. पहिला भाग फुकट वांटावा आणि पुढचे भाग ज्यास हवे असतील त्यानें पैसे पाठवून मागवावे, अशी त्यांची रीत होती. त्या वेळीं घरगुती संगणकांत अशा चित्रांसाठीं खास कार्ड नसे. सारें काम मुख्य प्रोसेसरलाच करावें लागे. म्हणून जॉन कारमॅक या प्रोग्रॅमरनें सारा नकाशा आधींच लहान लहान तुकड्यांत विभागून ठेवला. त्यामुळें कोणती भिंत पुढें आणि कोणती मागें, हें यंत्राला तत्काळ कळूं लागलें. त्या खेळांत एका खोलीवर दुसरी खोली रचतां येत नसे. खोलीची खोली हा एक आभासच होता. तरीहि तो खेळ आजहि लोक आवडीनें खेळतात. कारण प्रत्येक शत्रूची चाल निराळी, प्रत्येक शस्त्राचा उपयोग निराळा, आणि निर्णय धांवतां धांवतां घ्यावा लागतो.

दुसरें उदाहरण 'काउंटर-स्ट्राइक'चें. १९९९ सालीं मिन ली व जेस क्लिफ या दोन तरुणांनीं 'हाफ-लाइफ' या दुसऱ्याच्या खेळांत फेरफार करून तो बनविला, आणि २००० सालीं व्हॉल्व्ह कंपनीनें तो विक्रीस आणिला. पांचांविरुद्ध पांच, एका पक्षानें बाँब ठेवावयाचा, दुसऱ्यानें तो निकामी करावयाचा. कबड्डींत बाद झालेला गडी पुन्हां मैदानांत येऊं शकतो; येथें मेलेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच, म्हणून प्रत्येक पाऊल जपून टाकावें लागतें. शिवाय जिंकणाऱ्यास खेळांतले पैसे अधिक मिळतात, हरणाऱ्यास कमी, आणि त्यांतूनच पुढच्या डावाची बंदूक घ्यावयाची असते. केव्हां खर्च करावा व केव्हां हात आवरावा, हा हिशेब पांचांनीं मिळून करावा लागतो. असा खेळ निव्वळ बोटांच्या चपळाईनें जिंकतां येत नाहीं.

अमरावतीकरांस ही गोष्ट नवी वाटूं नये. १९१४ सालीं स्थापन झालेल्या तेथील श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ सालीं ऑलिंपिकच्या वेळीं बर्लिनला गेला आणि त्यानें तेथें कबड्डीसारखे देशी खेळ करून दाखविले. त्या खेळाला ना महाग साहित्य, ना सजावट. जमिनीवरील चार रेषा आणि सर्वांस समजणारे नियम एवढेंच त्याचें भांडवल. संगणकाचा खेळ शरीरास तो व्यायाम देत नाहीं, हें उघड आहे. परंतु खेळ नियमांवर उभा राहतो, हें तत्त्व दोहोंकडे एकच आहे.

खेळाडूचें दुसरें मत चित्रांच्या तंत्राविषयीं. १९९६ सालीं थ्रीडीएफएक्स कंपनीचें 'व्हूडू' कार्ड आलें, १९९९ सालीं एनव्हिडियाचें 'जीफोर्स २५६' आलें, आणि चित्रकामाचा भार मुख्य प्रोसेसरवरून कार्डाकडे जाऊं लागला. २००७ सालीं जर्मनींतील क्रायटेक कंपनीचा 'क्रायसिस' निघाला, तेव्हां भलींभलीं यंत्रें त्यापुढें थकलीं. २०१८ पासून प्रकाशाच्या किरणांचा माग काढणारीं कार्डें घरगुती बाजारांत आलीं. पूर्वीं सांवली बहुधा ठराविक युक्त्यांनीं उमटवीत. आतां पाहणाराच्या डोळ्यापासून निघालेला किरण कोठें आपटतो आणि तेथून दिव्यापर्यंत पोंचतो कीं नाहीं, याचें गणित कार्ड करतें. ओल्या रस्त्यावर दिव्यांचीं प्रतिबिंबें थरथरतात, पाण्यांत ज्वाळा हालते. तें पाहून मन क्षणभर थक्क होतें, हें कोणीहि खेळाडू नाकारीत नाहीं.

परंतु हें गणित वेळखाऊ आहे. सेकंदाला ६० चित्रें हवीं असतील तर एका चित्रास सुमारें १६.७ मिलिसेकंदच मिळतात. तेवढ्यांत काम उरकेना, तेव्हां नव्या युक्त्या निघाल्या. चित्र लहान काढावयाचें आणि यंत्राच्या अनुमानानें मोठें करावयाचें, ही एक. आणि दोन खऱ्या चित्रांच्या मध्यें अनुमानानेंच आणखी चित्रें घालावयाचीं, ही दुसरी. २०२५ च्या आरंभीं आलेल्या एनव्हिडियाच्या कार्डांत एका खऱ्या चित्रामागें तीनपर्यंत अनुमानाचीं चित्रें घालण्याची सोय त्या वेळीं आली. त्यामुळें डोळ्यांस हालचाल गुळगुळीत दिसते. पण हाताचें काय? मधलीं चित्रें काढावयाचीं तर पुढचें खरें चित्र क्षणभर अडवून ठेवावें लागतें, आणि खेळाडूनें नुकतेंच दाबलेलें बटण त्या मधल्या चित्रांत उमटलेलें नसतें. निवांतपणें पाहावयाच्या कथाप्रधान खेळांत हें चालून जातें. समोरासमोरच्या नेमबाजींत तें चालत नाहीं. म्हणून मुरलेला खेळाडू असले सारे देखावे बंद करून खेळतो. अमरावतीचा मित्र नव्या कार्डाचें कौतुक सांगूं लागला, तर अकोल्याचा त्याला सरळ म्हणेल, "चित्रच पाहाचं असन त टाकीजमंदी जाय ना बे!"

वऱ्हाडांत या प्रश्नाला उन्हाचीहि बाजू आहे. २०२२ सालचें एनव्हिडियाचें 'आरटीएक्स ४०९०' हें कार्ड ४५० वॅटपर्यंत वीज घेतें, म्हणजे छताचे सहा साधे पंखे चालतील एवढी. ही सारी वीज शेवटीं उष्णता होऊन खोलींतच पसरते, आणि कार्डाचा पंखा पुन्हां त्याच खोलीची हवा आंत ओढतो. थंड देशांत ती हवा २० अंशांची असते. अकोल्यांत मे महिन्यांत बाहेर पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हां आंतली हवाहि ४० च्या घरांत असते. हवा जितकी अधिक तापलेली तितकें कार्डहि अधिक तापतें, आणि मर्यादा गांठली कीं तें आपला वेग आपणच कमी करतें. जाहिरातींतला वेग अकोल्याच्या दुपारीं मिळेलच असें नाहीं. म्हणून येथील जाणते खेळाडू कार्डास मिळणारी वीजच थोडी कमी ठरवून देतात. चित्रांचा वेग किंचित् घटतो, उष्णता मात्र पुष्कळ घटते.

अंतराचें गणित तर कोणतेंहि कार्ड बदलूं शकत नाहीं. कांचतंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेंत सुमारें ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन येण्यास, वाटेंतली इतर दिरंगाई सोडूनहि, निदान ३९ मिलिसेकंद लागणारच. २०२० सालीं निघालेला 'व्हॅलोरंट' हा खेळ साध्या यंत्रांवर चालावा अशा बेतानें रचलेला होता, आणि त्याचे सर्व्हर मुंबईंतहि ठेवण्यांत आले. वऱ्हाडांतील खेळाडूस त्या दोन गोष्टींनीं जो लाभ झाला तो महागड्या कार्डानें झाला नसता.

तिसरें मत धंद्याविषयीं, आणि तेथें खेळाडूचा आवाज चढतो. पुष्कळ खेळ आतां फुकट मिळतात व बंदुकीचे रंगीत साज विकून पैसे मिळवितात. साजानें नेम सुधारत नसेल तर त्याची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती बंद पेटीबद्दल, जिच्यांतून काय निघेल हें पैसे भरल्यावरच कळतें. २०१७ सालीं ईए कंपनीच्या 'बॅटलफ्रंट २' मध्यें अशा पेट्यांतून खेळांतलें सामर्थ्यच मिळूं लागलें, तेव्हां खेळाडूंनीं मोठा गहजब केला. २०१८ सालीं बेल्जियमनें अशा कांहीं पेट्या जुगाराच्या सदरांत घातल्या. भारतांतहि ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. खेळ व जुगार यांतली रेषा अशी कायद्यालाहि आंखावी लागली.

भांडवल मोठें असलें म्हणजे खेळ चांगला होतो, असेंहि नाहीं. मायक्रोसॉफ्टनें ऑक्टोबर २०२३ मध्यें ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनी ६८.७ अब्ज डॉलरच्या व्यवहारांत विकत घेतली, आणि जानेवारी २०२४ मध्यें आपल्या खेळविभागांतील १,९०० माणसांस कमी करण्याचें जाहीर केलें. सोनीचा 'कॉन्कॉर्ड' हा नेमबाजीचा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजीं विक्रीस आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. घेणारांस पैसे परत मिळाले, पण खेळ नाहींसा झाला. विकत घेतलेलें पुस्तक प्रकाशक बुडाला तरी कपाटांत राहतें; सर्व्हरवर जगणारा खेळ सर्व्हर थांबला कीं संपतो. उलट 'डूम'चा मूळ प्रोग्रॅम १९९७ सालीं सर्वांस खुला करण्यांत आला, म्हणून कोणत्याहि नव्या यंत्रावर तो चालविणारा कोणी ना कोणी निघतोच.

आपल्या प्रांतानें केवळ गिऱ्हाईकच राहावें असेंहि कांहीं नाहीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' हा पुराणकथांवर आधारलेला खेळ जगापुढें ठेवला. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा 'इंडस' हा मोबाइलवरील नेमबाजीचा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्यें बाहेर पडला. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांस ही वाट बंद नाहीं.

राहतां राहिला रक्तपाताचा प्रश्न. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेनें २०२० सालीं असें मत दिलें कीं, हिंसक खेळ आणि आरडाओरड, ढकलाढकली असल्या वर्तनाचा लहानसा संबंध दिसतो. परंतु प्रत्यक्ष हिंसक गुन्ह्यांचें खापर त्यांवर फोडण्यास पुरेसा आधार नाहीं. म्हणून भय फार नको आणि दुर्लक्षहि नको. खेळावर वयाची खूण असते ती पाळावी, आणि झोपेची वेळ ठरलेली असावी.

तेव्हां घरांतला मुलगा नवें कार्ड मागेल, त्या वेळीं वडीलधाऱ्यांनीं एकदम नकार देऊं नये व एकदम पैसेहि काढून देऊं नयेत. त्याला तीन प्रश्न विचारावे. या कार्डानें तुझा खेळ सुधारेल, कीं नुसतें चित्र? या खेळांत पैसे कशासाठीं घेतात, आणि पेटी उघडी कीं बंद? हा खेळ पांच वर्षांनीं तुझ्याजवळ असेल काय? खरा खेळाडू या प्रश्नांनीं रागावणार नाहीं. तो उत्साहानें उत्तरें देईल. तीं ऐकतांना शेजारीं खुर्ची ओढून बसावें आणि त्याचा एक डाव पुरा होईपर्यंत पाहावा.