विटेवरचा देव आणि दाराबाहेरचा भक्त



गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी पंढरीच्या राउळाची आठवण होणे साहजिकच आहे.

पुंडलिक जन्मतः भक्त नव्हता, हे पुष्कळदा विसरले जाते. तरुणपणी त्याने आईबापांची हेळसांडच केली. काशीयात्रेच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात मलिन वस्त्रांच्या तीन स्त्रिया पहाटे आल्या आणि झाडलोट, सडासंमार्जन करून उजळ होऊन निघाल्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती. लोकांनी स्नान करून टाकलेली पापे त्या मातृपितृभक्त ऋषींच्या अंगणात फिटत होती. पुंडलिक तेथूनच माघारी फिरला.

पुढे रुसलेल्या रुक्मिणीच्या शोधात द्वारकेचा राणा दिंडीरवनी आला आणि पुंडलिकाच्या दाराशी उभा राहिला. पुंडलिक आईबापांचे पाय चेपीत होता. त्याने हातची सेवा न सोडता वीट तेवढी मागे भिरकावली. देव तिच्यावर उभा राहिला तो आजतागायत. घरी आलेल्या साध्या पाहुण्यालाही एवढे तिष्ठत ठेवले तर तो रुसून जाईल!

देव तिष्ठला तो आपल्या खुशीने. चोखोबांना मात्र दाराबाहेर तिष्ठावे लागले ते माणसांच्या हट्टाने. 1338 साली मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून चोखोबा गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. आत नामदेवांची पायरी, समोर चोखोबा, मध्ये हाताच्या अंतराची वाट. परंतु ती वाट ओलांडावयास अस्पृश्य मानलेल्या भाविकांना पुढे सहाशे वर्षे लागली. ते समाधीपासूनच हात जोडून परतत. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभिले, प्राण पणाला लावले, तेव्हा कोठे ते दार सर्वांना उघडले.

2024 साली त्या मंदिराच्या जतनाचे काम निघाले. मागाहून चढविलेली फरशी व संगमरवर काढले, तेव्हा खालचा जुना दगड पुन्हा दृष्टीस पडला. देवळाला तैलरंग फासून जीर्णोद्धार झाला म्हणणाऱ्यांनी हे काम एकदा पाहून यावे.

वारकरी चंद्रभागेत स्नान करतो, वाळवंटात पुंडलिकाला भेटतो, चोखोबांच्या समाधीवर माथा टेकतो. मग नामदेवांच्या पायरीवर पाय न ठेवता, ती ओलांडून आत जातो.